पुडीवरचा नंबर, ऊसतोडीची गाडी आणि वर्षावासाचे तीन महिने

तंबाखूची पुडी, बिडीचे बंडल, सिगारेटचे पाकीट यातले काहीही हातात घ्या, त्यावर भयानक चित्राच्या जोडीला एक नंबर छापलेला दिसेल : १८००-११-२३५६. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर छापणे बंधनकारक आहे. ज्याला तंबाखू सोडायची आहे त्याने तो लावायचा, पलीकडून प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, फोनला पैसे पडत नाहीत. म्हणजे कागदावर ही सोय मुंबईच्या दादरला जेवढी आहे तेवढीच धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यालाही आहे.

पण येरमाळ्याच्या टपरीवर उभा असलेला मजूर हा नंबर लावतो का? तो सुटी बिडी किंवा सुटी सिगारेट घेत असेल तर पाकीट त्याच्या हातात येतच नाही. मावा घेत असेल तर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लॅस्टिकच्या तुकड्यात मिळतो, त्यावर काहीच छापलेले नसते. घरातली आज्जी तव्यावर भाजलेली मिसरी दातांना लावत असेल तर तिच्यापर्यंत ना चित्र पोचते ना नंबर. सर्वात गरीब माणूस सर्वात सुटे विकत घेतो, आणि मदतीचा नंबर मात्र बंद पाकिटावर असतो.

गरिबाला तंबाखू सोडायला मोबाइलची मदत होते का, या प्रश्नाचे उत्तर जगात मिळालेले आहे. होते. आपल्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे : ती मदत ज्याला हवी त्याच्यापर्यंत घेऊन कोण जाणार? या लेखाचे म्हणणे असे की आपल्या वस्त्यांमध्ये हे काम बुद्धविहारे आणि तरुण कार्यकर्ते करू शकतात, आणि त्यासाठीचा सर्वात योग्य काळ आपल्याच दिनदर्शिकेत आहे.

आपल्याकडचे व्यसन धुराचे कमी, चघळण्याचे जास्त

आधी आकडे पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि तंबाखू-चुना, मावा, गुटखा, मिसरी असे बिनधुराचे सेवन करणारे २४.४ टक्के. देशपातळीवर हेच आकडे १०.७ आणि २१.४ टक्के आहेत. महाराष्ट्रातल्या बायकांपैकी साधारण दर सहाजणींमागे एक तंबाखू वापरते, आणि ती जवळपास सगळी मिसरी-तंबाखूच्या रूपाने.

म्हणून ‘धूम्रपान सोडा’ एवढीच हाक दिली तर बहुसंख्य माणसे हाकेच्या बाहेर राहतात. ‘आपण कुठे बिडी ओढतो, आपला तर नुसता बार असतो,’ असे म्हणून चुनाळी पुन्हा उघडली जाते. जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचा भार एकटा भारत वाहतो, त्यामागे हाच बार आहे.

बिडीही किरकोळ नाही. तेंदूपानातून हवा नीट येत नाही, बिडी विझू नये म्हणून ओढणारा जास्त वेळा आणि जोराने झुरके घेतो, त्यामुळे धूर खोल जातो. डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासाचा निष्कर्ष होता की बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी आणि बिडी ओढणाऱ्या स्त्रीचे ८ वर्षांनी कमी होते. क्षयरोगाचा धोकाही धूम्रपानाने वाढतो, आणि दाटीवाटीच्या घरांत क्षयरोग एकट्यापुरता थांबत नाही.

आता याकडे पैशाच्या बाजूने पाहा. रोज २० रुपयांची तंबाखू म्हणजे महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,३०० रुपये. नवरा-बायको दोघांची सवय धरली तर हा आकडा मुलीच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांच्या आणि एसटीच्या पासाच्या पुढे जातो. आणि सरकारचे धोरण काय? ३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत सिगारेट, गुटखा, जर्दा यांना ४० टक्क्यांच्या टप्प्यात नेण्याचे ठरले. बिडीवरचा कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. बिडी कामगारांच्या रोजगाराचे कारण त्यासाठी दिले जाते. शेजारच्या सोलापुरात हजारो बायका बिड्या वळून घर चालवतात, त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. पण बिडी स्वस्त केल्याने वळणारीची मजुरी आपोआप वाढत नाही. ओढणारा मात्र गरीबच राहतो आणि आजारीही पडतो. एका कष्टकऱ्याची चूल दुसऱ्या कष्टकऱ्याच्या फुप्फुसावर पेटवायची, ही योजना आपण मुकाट्याने मान्य करू नये.

फोनवर नेमके काय मिळते

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन मे २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. २०१८ साली मुंबईचे टाटा मेमोरियल, बेंगळुरूची निम्हान्स आणि गुवाहाटीची बरुआ कर्करोग संस्था ही केंद्रे तिला जोडली गेली, त्यामुळे हिंदी-इंग्रजीपलीकडच्या भाषांतही बोलता येऊ लागले. समुपदेशक सवय किती जुनी, दिवसातून किती वेळा, कशामुळे तल्लफ येते हे विचारतो, सोडण्याचा दिवस ठरवतो आणि नंतर स्वतःहून पुन्हा फोन करतो.

दुसरी सोय मिस्ड कॉलची. ०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल दिला की नोंदणी होते आणि काही महिने संदेश येत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने केंद्र सरकारने डिजिटल इंडियात ही योजना आणली. नोंदणी केलेल्या सुमारे १२ हजार लोकांच्या पाहणीत सहा महिन्यांनंतर सुमारे ७ टक्के लोकांनी तंबाखू सोडल्याचे सांगितले. तिसरी सोय ‘टेलिमानस’ची, १४४१६. ती मुख्यतः मानसिक आरोग्यासाठी आहे, पण तंबाखू सोडताना येणारी चिडचिड, झोप उडणे, उदासी यांबद्दल तिथे बोलता येते.

७ टक्के ऐकून कोणी हसेल. पण हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. निकोटिन हे जगातल्या सर्वात चिवट व्यसनांपैकी एक आहे. कोणाच्याही मदतीशिवाय सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी मोजकेच वर्षभर टिकतात. बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात पुन्हा वळतात, कारण त्याच दिवसांत डोके दुखते, राग येतो, हात सारखा खिशाकडे जातो. हा त्रास साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे लढाई जन्मभराची वाटली तरी तिचा सर्वात कठीण भाग एका महिन्याचा आहे, आणि त्या महिन्यात माणूस एकटा असतो. फोनचे काम तिथे आहे.

जगाचा अनुभव

न्यूझीलंडमध्ये २००५ साली १,७०५ धूम्रपान करणाऱ्यांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना सोडण्यासाठी मदत करणारे मोबाइल संदेश पाठवले. सहा आठवड्यांनी संदेश मिळालेल्यांपैकी २८ टक्के आणि इतरांपैकी १३ टक्के धुरापासून दूर होते. तिथल्या माओरी या मूळनिवासी समाजातल्या लोकांनाही तेवढाच फायदा झाला, ही बाब आपल्यासाठी महत्त्वाची. ब्रिटनमध्ये ५,८०० लोकांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सहा महिने सलग सोडून राहिलेले संदेश मिळालेल्या गटात १०.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.९ टक्के. तिथे लोकांच्या शब्दावर न थांबता लाळेच्या तपासणीने खात्री केली होती.

२०१९ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र तपासणारा कोक्रेन आढावा आला. त्याचा निष्कर्ष : साध्या संदेशांमुळे सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीडपट होते. स्मार्टफोनवरच्या ॲपबद्दल मात्र तसा भक्कम पुरावा मिळाला नाही. म्हणजे महागडा फोन आणि चकचकीत ॲप यांची गरजच नाही. बटणांचा जुना फोन पुरतो.

गरिबांसाठी सर्वात बोलका अभ्यास अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातला आहे, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. कमी उत्पन्नाच्या धूम्रपान करणाऱ्यांना दवाखान्याच्या यंत्रणेने स्वतःहून फोन केले. समुपदेशकाशी बोलणे जोडून दिले, सहा आठवडे निकोटिनची औषधे मोफत दिली, आणि घर, काम, अन्न यांच्या अडचणी असतील तर स्थानिक संस्थांशी गाठ घालून दिली. नऊ महिन्यांनी या गटातले १७.८ टक्के लोक सोडलेले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातले ८.१ टक्के.

श्रीमंत देशांचे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू होणार नाहीत, आणि बहुतेक पुरावा धुराच्या तंबाखूचा आहे. पण सूत्र स्पष्ट आहे. गरिबाने फोन करावा म्हणून वाट पाहायची नाही, आपण फोन करायचा. नुसता उपदेश करायचा नाही, औषध द्यायचे. आणि व्यसनाकडे पाहताना त्याच्या बाकीच्या जगण्याकडे पाठ फिरवायची नाही.

फोन कुठे कमी पडतो

येरमाळा कळंब तालुक्यात येते. कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यातून दरवर्षी ऊसतोडीला गाड्या भरून माणसे जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा एक कोयता धरायचा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटक गाठायचे. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. फडात पहाटेपासून तोड, रात्री-अपरात्री गाडी भरणे. भूक मारायला, झोप उडवायला आणि थंडीत अंग हलते ठेवायला सर्वात स्वस्त साधन म्हणजे तंबाखूची पुडी. अशा माणसाला ‘तंबाखू वाईट असते’ हे सांगून काय उपयोग? त्याला ते ठाऊक आहे. त्याच्या कामाचे तास माणसासारखे झाले तर त्याची पुडी अर्धी आपोआप कमी होईल.

दुसरी अडचण बायकांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाइल आहे. बाकीच्या घरातल्या पुरुषाच्या फोनवर अवलंबून आहेत. मिसरी लावणाऱ्या बाईच्या नावाने संदेश आला तर तो पोरगा वाचणार की नवरा? आणि वाचता न येणाऱ्या आज्जीला मजकुराचा उपयोग काय? तिच्यासाठी आवाज हवा, तोही ओळखीचा आणि आपल्या बोलीतला.

तिसरी अडचण विश्वासाची. अनोळखी नंबरवरून फोन आला की आज माणूस आधी घाबरतो, कारण फसवणुकीचे फोन रोज येतात. फडात गेल्यावर सिमकार्ड बदलते, चार्जिंग नसते, रेंज नसते. सरकारी यंत्रणेच्या यादीतून असा माणूस सहज गळतो. त्याच्या वस्तीतल्या कार्यकर्त्याच्या यादीतून तो गळणार नाही, कारण नंबर बदलला तरी त्याच्या भावाला विचारता येते.

याच जिल्ह्याने जगाला शिकवले होते

हे काम आपल्या भागात होईल का, अशी शंका घेणाऱ्यांनी जवळचाच इतिहास पाहावा. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातले भूम आणि परंडा हे तालुके होते. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भव्य चाचणी झाली. ५२ ग्रामगट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. एचपीव्हीची एकदाच केलेली तपासणीसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे २००९ साली जगापुढे आले. आज जगभरच्या तपासणी धोरणांत या अभ्यासाचा आधार घेतला जातो.

हे कसे जमले? आरोग्यसेविका घरोघर गेल्या, बायकांशी बोलल्या, त्यांना तपासणीपर्यंत घेऊन आल्या. चाचणीचे तंत्र परदेशातून आले होते, विश्वास मात्र गावातूनच उभा करावा लागला. तंबाखूच्या बाबतीत फोन हे तंत्र आपल्याकडे आधीच आहे. अभाव आहे तो दारात जाणाऱ्या माणसाचा.

पाचवे शील आणि विहाराचा दरवाजा

पंचशीलातले पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तंबाखूचे नाव दोन्हीकडे नाही. बुद्धाच्या काळात तंबाखू भारतात नव्हतीच, ती पोर्तुगीजांबरोबर आली. त्यामुळे ‘शीलात कुठे लिहिले आहे?’ असा वाद घालणारे भेटतात. त्यांना सांगावे की शील शब्दावर थांबत नाही. ज्या वस्तूशिवाय सकाळ उजाडत नाही, जिच्यासाठी हात आपल्या इच्छेविरुद्ध खिशात जातो, ती तृष्णेचे चालतेबोलते उदाहरण आहे.

पण याच ठिकाणी आपली एक चूक होते. विहारात व्यसनमुक्तीवर भाषण होते, व्यसनी माणसाची टिंगल होते, आणि तो पुढच्या वंदनेला येत नाही. आला तर पुडी बाहेर चपलांजवळ लपवून येतो. लाज वाटली की माणूस सवय सोडत नाही, सवय लपवतो. धम्माने दुःखाचे कारण शोधायला शिकवले, दुःखी माणसाला दोष द्यायला शिकवले नाही. वैद्यासारखे वागायचे असेल तर आधी रोगी दवाखान्यात टिकला पाहिजे.

बंदीचा मार्गही अपुरा आहे. बौद्ध देश असलेल्या भूतानने २००४ मध्ये तंबाखूविक्रीवर बंदी घातली, २०१० मध्ये कडक कायदा केला. २०११ मध्ये थोडी तंबाखू जवळ बाळगल्याबद्दल एका तरुण भिक्खूला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि देशभर खळबळ उडाली. तस्करी थांबली नाही, आणि २०२१ मध्ये विक्रीबंदी उठवावी लागली. आपल्याकडे गुटखाबंदी २०१२ पासून आहे. सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळते हे वाचकांना सांगायला नको.

थायलंडने दुसरी वाट धरली. २००१ मध्ये तंबाखू आणि दारूच्या करावर २ टक्के अधिभार लावून आरोग्यवर्धनाचा स्वतंत्र निधी उभा केला. १६०० या नंबरची राष्ट्रीय क्विटलाइन चालवली. विहारांच्या आवारात धूम्रपानाला मनाई केली. तंबाखूतून आलेला पैसा तंबाखू सोडवण्यासाठी वापरायचा, हा साधा न्याय आहे. आपल्या राज्यात असा निधी का नको, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

वर्षावास : तीन महिन्यांचा कार्यक्रम

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विनी पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, रोज संध्याकाळी वस्ती एकत्र येते. ऊसतोड कामगारही याच काळात गावात असतात, कारण गाड्या दसऱ्यानंतर निघतात. तंबाखू सोडणाऱ्याला आधार साधारण याच मुदतीचा लागतो. एवढा जुळून आलेला काळ दुसरा कोणता?

काम असे करता येईल.

पहिल्या पंधरवड्यात दोन कार्यकर्ते, त्यातली एक तरुणी, घरोघर जातील. कोण काय वापरतो, सोडायची इच्छा आहे का, एवढेच विचारतील. वहीत नाव, दोन फोन नंबर, सवयीची सुरुवात. ही वही कोणालाही दाखवायची नाही आणि नावे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाहीत.

प्रत्येकाने सोडण्याचा दिवस स्वतः ठरवायचा. पौर्णिमा किंवा उपोसथाचा दिवस धरला तर लक्षात राहतो. त्या दिवशी कार्यकर्त्यासमोर १८००-११-२३५६ वर पहिला फोन लावायचा. पहिल्या फोनची भीड मोडली की पुढचे सोपे होते.

प्रत्येकाला एक सोबती. सोबत्याने पहिल्या आठवड्यात रोज, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड आणि मग आठवड्यातून एकदा फोन करायचा. तीन मिनिटे पुरतात. ‘आज कधी तल्लफ आली? तेव्हा काय केलं?’ एवढे दोन प्रश्न. तल्लफ साधारण काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी पिणे, बडीशेप चघळणे, चार पावले चालणे किंवा आनापानाप्रमाणे श्वासाकडे लक्ष देणे, यांचा उपयोग होतो. तल्लफ अनावर झाली तर सोबत्याला मिस्ड कॉल द्यायचा आणि त्याने लगेच उलट फोन करायचा.

मिसरीवाल्या आक्का-मावशींसाठी सोबतीण बाईच हवी. फोन नसेल तर तिने दुपारी घरी जाऊन बसावे. तंबाखूने पोट साफ होते, दातदुखी थांबते ही समजूत घट्ट असते, तिच्याशी वाद न घालता दाताची तपासणी करून आणावी.

कोणी मध्येच पुन्हा सुरू केले तर त्याचे नाव वहीतून खोडायचे नाही. नवा दिवस ठरवायचा. बहुतेक जण अनेक प्रयत्न फसल्यावरच सुटतात.

आणि प्रत्येकाच्या तोंडात डोकावायचे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे आत जात नाहीत एवढे कमी उघडणारे तोंड, यातले काहीही दिसले तर थांबायचे नाही, रुग्णालयात न्यायचे. निकोटिनचा च्युइंगगम वापरायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, विशेषतः गरोदर बाई आणि हृदयरुग्ण यांच्या बाबतीत.

अशोक विजयादशमीला किंवा अश्विनी पौर्णिमेला हिशोब मांडायचा. मग गाडी निघेल तेव्हा सोबत्याचा नंबर मजुराच्या फोनमध्ये जाईल. फडात जुने मित्र, जुनी पुडी, जुनी थंडी असेल. आठवड्याचा तो एक फोन तेव्हा सर्वात मोलाचा ठरेल. एकाच टोळीतले दोघे-तिघे मिळून सोडत असतील तर आणखी चांगले.

किती जण सुटतील? राज्याच्या सरासरीने ४०० प्रौढांच्या वस्तीत सुमारे १०६ जण तंबाखू वापरणारे असतील. ब्रिटनमधल्या चाचणीइतकेच यश धरले तरी त्यातले दहा-अकरा जण सुटतील. एका वर्षावासात दहा घरे. पुढच्या वर्षी तीच दहा माणसे सोबती होतील, आणि स्वतः सोडलेल्या माणसाच्या शब्दाला जे वजन असते ते कुठल्याच वक्त्याच्या शब्दाला नसते.

सरकारला सोडायचे नाही

विहाराने हे काम हाती घेतले म्हणजे शासनाची जबाबदारी संपली, असा अर्थ कोणी काढू नये. धाराशिव हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून अस्तित्वात आहे. निकोटिन पर्यायी उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आला आहे. तेव्हा आपल्या मागण्या साध्या आणि मोजता येतील अशा असाव्यात.

एक : निकोटिन गम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळावा, फक्त जिल्हा रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात नव्हे. मजुराने एका गमसाठी रोज बुडवून धाराशिवला जायचे का?

दोन : क्विटलाइनचा नंबर रेशन दुकान, एसटी स्थानक, अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावा. बिनवाचकांसाठी मराठी आवाजातले संदेश यावेत.

तीन : ऊसतोड कामगारांची नोंदणी होते तेव्हाच तोंडाची तपासणी व्हावी आणि तंबाखू सोडण्याची नोंद घ्यावी. ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाने आणि साखर कारखान्यांनी फडावरच्या आरोग्य तपासणीत हे काम जोडावे.

चार : शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई करणारा कायदा २००३ चा आहे. त्याची अंमलबजावणी ग्रामसभेत विचारली जावी. ग्रामसभेत हा प्रश्न उभा करणे हेही कार्यकर्त्याचेच काम आहे.

या मागण्यांसाठी निवेदन देताना आपल्या वहीतले आकडे सोबत असतील, तर अधिकाऱ्याला ते टाळणे जड जाईल. नावे द्यायची नाहीत, संख्या द्यायची : इतक्यांनी सोडायचे ठरवले, इतके टिकले, इतक्यांना गम हवा होता आणि मिळाला नाही.

आपल्या चळवळीने गावकीची कामे सोडायला लावली, मेलेली जनावरे ओढणे थांबवले, शाळेची वाट धरली. त्या प्रत्येक वेळी आधी कोणीतरी दारात येऊन बसले होते, नुसता ठराव करून ते झाले नव्हते. तंबाखूची पुडी त्याहून लहान गोष्ट आहे, पण ती दर महिन्याला घरातला पैसा नेते आणि शेवटी घरातला माणूस नेते. आषाढी पौर्णिमेच्या आधी आपल्या विहाराच्या बैठकीत हा विषय घ्या, एक वही आणा आणि पहिल्या पानावर पहिले नाव आपल्यातल्याच तंबाखू खाणाऱ्या कार्यकर्त्याचे लिहा.

नमो बुद्धाय, जय भीम.